जाऊन येतो

दारातून निघताना आपल्यात कोणी 'जातो' म्हणत नाही. तामिळ माणसंही म्हणत नाहीत. 'जाऊन येतो' म्हणायचं आणि घरातल्यानं 'या' म्हणायचं, एवढं साधं आहे. पण मद्रासमधल्या मैलापूरच्या तुळजाबाईचा सगळा जन्म या साध्या रीतीत अडकून पडला होता. नवरा जनकोजी कोइमतूरच्या गिरणीत नोकरी लागली म्हणून निघाला. उंबऱ्यावर 'जाऊन येतो' म्हणाला, ती 'या' म्हणाली, आणि गृहस्थानं तिकडं दुसरं घर थाटलं! तुम्ही-आम्ही त्याच्या नावानं कधीच आंघोळ केली असती. तुळजा मात्र कोणी विचारलं की सांगायची, येतो म्हणून गेलेत. अप्पळम, म्हणजे तिकडचे पापड, लाटून पोट भरायची, कुंकू लावायची आणि वाट बघायची.

तिला चैन एकच, सिनेमा. शेजारी साताऱ्याहून आलेली चारुलता राहायची, रेल्वेतल्या कारकुनाची नवी नवरी. तिला तामिळचं अक्षर कळत नव्हतं. म्हणून तुळजा तिला शनिवारी दुपारी बायकांच्या बाकांवर शेजारी बसवायची आणि कानाशी लागून आपल्या तंजावरी मराठीत सगळं सांगायची. ते हेल ऐकून चारुलताला आधी हसू यायचं, मग दोघी मिळून रडायच्या.

गोष्ट बहुतेक एकच असे. नवऱ्यानं टाकलेली बाई शिकते, शाळेची मुख्य बाई होते, गाव तिला हात जोडतं. शेवटी तो नवरा खाली मान घालून दारात येतो. ती त्याला असं काही सुनावते की बाकांवरच्या बायका पदर तोंडात कोंबतात. तुळजा ते बोलणं शब्दन्‌शब्द सांगायची. मग पडद्यावरची बाई डोळे पुसून म्हणायची, "वांग." म्हणजे 'या'. आणि तुळजा चारुलताच्या कानात सांगायची, "जा म्हणाली."

खोटं, साफ खोटं! पण घरात जो शब्द तिच्या जिभेवर यायला धजत नव्हता, तो तिथल्या अंधारात तिला म्हणून घ्यायचा असे. एकदा चारुलतानं विचारलंच, जा म्हणाली तर हा आत कसा गेला? तुळजा म्हणाली, पुरुषांना कुठं लाज असते.

पुढं भाजीवालीशी हुज्जत घालता घालता चारुलताला तामिळ यायला लागलं. तुळजाअक्काची लबाडी तिला कळली. पण पोरगी शहाणी, ती काही बोलली नाही. पडदा बंद व्हायच्या आधी तसंच विचारायची, काय म्हणाली हो अक्का?

आणि एका दुपारी जनकोजी खरंच आला. केस पिकलेले, छातीत खोकला. तुळजाचे हात पिठाचे होते, ते तसेच राहिले. तिनं पाट मांडला, भात वाढला, ताजं अप्पळम तळलं. तो पोटभर जेवला. हाताची चव तीच आहे म्हणाला. ती दुसरी पोंगलच्या सुमारास वारली, आता करून घालणारं कोणी नाही, टी. नगरला ओळखीच्याकडं ट्रंक ठेवली आहे ती घेऊन येतो, असं सगळं सांगितलं. तू कशी राहिलीस, एवढं मात्र त्यानं विचारलं नाही. तुळजा ताटाशी बसून त्या एका प्रश्नाची वाट बघत होती. तो हात धुऊन उठला.

उंबऱ्यावर वहाणा घालत म्हणाला, "जाऊन येतो."

काल गेल्यासारखा म्हणाला हो! शेजारी दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या चारुलताचा हात थांबला. तुळजानं चौकट धरली होती. एक 'या' म्हटलं असतं तर नवरा, घर, चारचौघींतली जागा, सगळं परत मिळत होतं. ते तिला हवंही होतं, खोटं कशाला सांगा.

"जा," ती म्हणाली.

आपण चुकीचं ऐकलं असं वाटून तो थांबला. तिनं हळूच पुन्हा तेच म्हटलं. मग तो गेला. ट्रंक घेऊन आला नाही.

आता तुम्हाला वाटेल, बाई ताठ मानेनं अप्पळम लाटायला बसली असेल. कसलं काय! पोळपाटाशेजारी आडवी होऊन ती जी रडली, ती चारुलताला आवरेना. मान राहिला, पण वाट बघायला माणूस उरला नाही. कुंकू कुणासाठी लावू, असं ती विचारत होती.

बऱ्याच शनिवारांनंतर चारुलतानं तिला ओढूनच सिनेमाला नेलं. तसंच दार, तसाच खाली मान घातलेला नवरा. पडद्यावरची बाई खूप बोलली, मग डोळे पुसून म्हणाली, "वांग." चारुलतानं सवयीनं विचारलं, काय म्हणाली हो अक्का?

"या म्हणाली," तुळजा म्हणाली. "या म्हणाली गं, चारू."