बाबांच्या रायफलीची चार भोकं

इंदिरानगर ते द्वारका चौक, गावातल्या गावात अंतर ते केवढं. पण सिग्नलला शेजारच्या बाईकवाल्याने रिक्षात डोकावलं तरी मी अंग चोरत होते. मांडीवर लांब पिशवीत बाबांची रायफल होती. परवाना आता माझ्याच नावावर होता, पर्समध्ये होता, तीनदा तपासला होता. तरी मी ती पिशवी अशी कवटाळली होती की कुणालाही संशय यावा.

बाबा ओझरच्या कारखान्यात जन्म काढलेले फिटर. नेमबाजी ही त्यांची एकुलती एक चैन. नजर अधू झाली तेव्हा द्वारकेजवळच्या बंदूक दुरुस्तीवाल्या चाचांच्या दुकानात बसून, दुर्बीण बसवायला त्यांनी स्वतःच्या हाताने रिसीव्हरवर, म्हणजे काडतूस बसतं तिथल्या पोलादी भागावर, चार भोकं पाडली. पुढे दुर्बीण विकली, भोकं राहिली.

आईला ती उघडी भोकं बघवत नसत. दसऱ्याला शस्त्रपूजेत ती चारही ओल्या कुंकवाने लिंपून टाकायची. दुसऱ्या दिवशी बाबा कुरकुरत टोकरून काढायचे, तेल द्यायचे. शेवटची तीन वर्षं ते अंथरुणाला खिळले होते. आईचं कुंकू चुकलं नाही, आणि पुसायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रायफल दुकानात न्यायच्या आदल्या दिवशी मात्र मी तिला फटकन बोलले होते, की भोकांत हा काय चिखल करून ठेवलायस.

मला वाटलं होतं, चाचा भोकांत बिनडोक्याचे स्क्रू बसवतील, वरून कानस मारून सपाट करतील, झालं. रविवारी नेमबाजीच्या क्लबात मी ती पहिल्यांदा चालवणार होते.

चाचांनी सुईने पहिलं भोक टोकरलं. लाल भुकटी निघाली. "हे तर कुंकू हाय, ताई," म्हणत ते हसले. मीही हसले. मग खालून तपकिरी भुकटी आली आणि ते हसायचे थांबले. त्यांनी खोली मोजली. पुन्हा मोजली.

"वडिलांनी भोकं एक नंबर पाडली होती. कमी ना जास्त. पण ओलं कुंकू साचून पुढच्या भोकाला गंजानं खाल्लंय. खाली पत्रा राहिलाय नुसता. बुजवून देतो, दिसायला चांगली दिसंल. पण ही आता चालवायची नाय. फुटली तर समोर तुमचंच तोंड हाय."

घरी आले तर आई दारातच उभी होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

"माझ्या कुंकवाने तर काही झालं नाही ना गं?"

"नाही गं. बाबांनीच भोकं जरा जास्त खोल पाडली होती."

आईने सुस्कारा सोडला. "तरी मी सांगत होते, डोळ्यांना दिसत नाही तर हौस कशाला," म्हणाली आणि जेवायला बसली. ज्या माणसाने आयुष्यभर सुताचा फरक पडू दिला नाही, त्याच्या माथी मी ही चूक मारली होती. आई दोन पोळ्या जेवली. मी माझं ताट झाकून ठेवलं. बाबा उलट बोलायला नाहीत, म्हणूनच मला ते जमलं होतं.