मायच्या नावाचे रोहू

कापसाने लागोपाठ दगा दिला आणि महागावजवळच्या तळ्यावर होड्या वाढल्या. २००५च्या हिवाळ्यात मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष धनसिंग गणिताच्या धम्मरत्न सरांकडे आला.

"तळ्यात मासे किती, तेवढं सांगा. भरपूर असले तं बारीक डोळ्याचं जाळं लावू."

सरांनी सोसायटीच्या खोलीत रीत समजावली. काही रोहूंच्या शेपटीचं टोक कापून सोडायचं. पुढे जाळ्यात येणाऱ्या माशांत कापलेले जितके कमी, तितके तळ्यात मासे जास्त. सरांची आई नुकतीच गेली होती. रिकाम्या घरापेक्षा त्यांना काठ बरा वाटे, म्हणून मासे कापून सोडायला ते स्वतःच दिवसभर बसले.

पुढे जाळ्यांत कापलेले अवघे तीन सापडले. म्हणजे तळं ठासून भरलेलं! धनसिंगने बारीक जाळं आणवलं. सरांना मात्र चैन पडेना. उत्तर चुकलं तर वाढीतले रोहूही निघतील आणि तळं ओस पडेल.

सकाळी ते काठावर गेले. मासे निवडणाऱ्या कांताबाईने एक रोहू उचलला, शेपूट पाहिलं, हात कपाळाला लावून त्याला नमस्कार केला आणि पाण्यात सोडलं.

"कांताबाई, सोडला काहून?"

"मेलेल्याच्या नावानं डागून सोडलेला गोऱ्हा कोणी कापते काय, सर? तुमी मायच्या नावानं सोडले, अन् आमी बाजारात इकू?"

"मी बौद्ध माणूस. नवस करतो का कधी?"

"नवस नाही तं जीवदान असंन! माय गेली अन् तुमी दिवसभर मासे सोडून राह्यले. आमी काय समजाव? ते तीन नव्या पोट्ट्यांनी ठेवले, त्याहिले शिव्या घातल्या म्या."

सरांना हसू आलं, मग डोळे भरले. काठावरच्या बायांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"असे किती सोडले?"

"मोजून कोण सोडते? रोज टोपलीत दोन-चार निघतच."

संध्याकाळी सर सभेत उभे राहिले. "माझं उत्तर चुकलं. कापलेले रोजच सापडत होते, ते परत पाण्यात गेले. मासे थोडेच आहेत."

"मास्तर, जाळं आणलं नं आता!" धनसिंग करवादला.

"मंग बांधून ठेव," कांताबाई मागून म्हणाली. "मासे मी सोडले. सरले कायले बोलतं?"

जाळं बांधलेलंच राहिलं. पुन्हा मोजणी झाली. कापलेला प्रत्येक मासा टोपलीत टाकताना कांताबाई पुटपुटे, "माफ कर वं माय." शेवटचा तिने सरांपुढे धरला.

"डोकं मोठं हाय याचं. तुमच्या मायले डोकंच आवडे, माह्याजवळूनच नेये."

सरांनी तो आधी मोजला, मग पिशवीत घातला.