रिकामं असतं तर

माझी मावशी भाव विचारायचं काम करते. विकत काही घेत नाही, नुसतं विचारते आणि लिहून घेते. एकोणीस वर्षं झाली. जगातली कुठली शहरं किती महाग, याची यादी काढणारी एक कंपनी आहे. परदेशी पाठवलेल्या साहेबांना भत्ता किती द्यायचा, हे मोठमोठ्या कंपन्या त्या यादीवरून ठरवतात. त्यातली आमच्या शहराची ओळ मावशीच्या चपला झिजवून तयार होते. गल्लीत तिला सगळे भावबाई म्हणतात.

वर्षातून दोनदा एकशे ऐंशी वस्तूंचा तक्ता भरायचा. तेच दुकान, तीच वस्तू, तेवढंच वजन. सवलतीचा भाव धरायचा नाही. एकदा पाववाल्याने किंमत न वाढवता पाव लहान केला, तेव्हा मावशी त्याच्याशी पाव तास भांडली.

"चाळीस ग्रॅम कमी भरतोय," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही माझ्याकडून पाव घेतलाय कधी?"

"नाही. पण कमी आहे."

अशी ती. अकरा शहरांत केस कापायला काय पडतं ते तिला तोंडपाठ, आणि त्यातलं एकही शहर तिने पाहिलेलं नाही.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. काका, म्हणजे तिचा नवरा, शिंपी होते. दहा वर्षांपूर्वी त्यांची नजर जायला लागली आणि आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण त्या घरात त्यांना बघून कोणाला खरं वाटलं नसतं. चहा ते स्वतः करायचे. चव्वेचाळीस पायऱ्या उतरून फाटकाशेजारच्या न्हाव्याकडे जायचे, गावभरच्या गप्पा ऐकून वर यायचे, काठीशिवाय. बाहेर मात्र कोणाचा तरी दंड धरावा लागे आणि त्याचा त्यांना मनस्वी राग. मावशीचं एकच म्हणणं होतं, हे घर सुटलं की यांचे डोळे दुसऱ्यांदा जातील.

आणि ते घर सुटायची वेळ तिने स्वतःच आणली. तक्त्यात घरभाड्याचा एक रकाना असतो, तो वर्षातून एकदाच भरायचा. दोन खोल्यांचं रिकामं घर, आज भाड्याने द्यायचं झालं तर किती, असे तीन जणांकडून आकडे घ्यायचे. ज्या बाईला घर घ्यायचंच नाही तिच्याशी दलाल कशाला बोलतील? दोन आकडे कसेबसे मिळायचे. तिसऱ्यासाठी मावशीने सोपा मार्ग काढला. तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्याच घरमालकाला तिने विचारलं, "मालक, आमचं घर रिकामं असतं तर किती घेतलं असतंत?"

पहिल्या वर्षी त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "तुम्ही देता त्याहून थोडं जास्त," म्हणाले आणि हसले. आकडा देणाऱ्याला यादीची एक प्रत फुकट द्यायची, अशी कंपनीची पद्धत. ती प्रत मावशी स्वतःच्या हाताने खाली नेऊन द्यायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. मालक चष्मा लावून ती वाचायला लागले. आपलं शहर कितवं, गेल्या वर्षी कितवं होतं, भाडी कुठे किती. दुसऱ्या वर्षी डोकं खाजवावं लागलं नाही. चौथ्या वर्षापासून ते तिची वाटच बघत असत. एखाद्याला दर वर्षी तुझ्या घराची किंमत काय म्हणून विचारत राहिलं, तर तो विचार करायला लागणारच. मावशीनेच नऊ वर्षं त्यांची शिकवणी घेतली.

गेल्या वर्षी करार संपत आला तेव्हा मालकांनी तिला खाली बोलावलं. मीही तिच्याबरोबर होते. टेबलावर यादी पसरलेली होती.

"बाई, नवं भाडं याप्रमाणे," ते म्हणाले.

"ही यादी साहेबलोकांसाठी असते, मालक."

"आकडा तर आपल्याच घराचा आहे. तुम्हीच लिहून नेलात."

"तुम्ही सांगितलात म्हणून लिहिला."

"मग मी खोटं सांगितलं का?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मालक वाईट माणूस असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, काकांची चौकशी केली आणि विचार करायला महिन्याची मुदत दिली. नवं भाडं भरलं तर मावशीच्या पगारातून पंधरवड्याच्या किराण्यापुरतंही उरत नव्हतं.

"या वेळी तक्त्यात कमी लिही," मी तिला जिन्यातच म्हटलं. "तू खरं भाडं जेवढं भरतेस तेवढंच लिही. तेही खोटं नाही."

"चालत नाही. राहत्या भाडेकरूचं भाडं धरायचं नाही, असा नियम आहे."

"म्हणजे घरात जो राहतोय तो मोजायचाच नाही?"

"तो सवलतीचा भाव समजतात," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला काही वावगं वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

एका बेटावरच्या शहरात आणि एका बर्फाळ शहरात कंपनीचं हेच काम करणाऱ्या दोघी बायका आहेत. महिन्यातून एकदा तिघींचं फोनवर बोलणं होतं. त्या वेळी मावशीने पहिल्यांदा स्वतःचं रडगाणं गायलं. बेटवाली म्हणाली, मी दीड तासावर लेकाकडे राहते, सुनेच्या कपाटातला एक कप्पा माझा. बर्फवाली म्हणाली, सरकारी घराच्या रांगेत मला अकरा वर्षं झाली. घरोघरी मातीच्याच चुली. तीन महागड्या शहरांचे आकडे देणाऱ्या तिघी जणी, आणि आपल्या आकड्यात राहणं एकीलाही परवडत नव्हतं. मावशीला मात्र त्याने धीर आला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणाली आणि फोन ठेवला.

मग घरं बघितली. जवळपास कुठेही विचारलं की यादीतलाच आकडा कानावर यायचा. शेवटी बसने पाऊण तासावर तळमजल्याचं एक घर परवडण्यासारखं निघालं. काकांना घेऊन आम्ही तिघं गेलो. काका उंबऱ्यात थांबले, भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला?" मावशीने बाजू सांगितली, पण काका जागचे हलले नाहीत. तिने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि घर दाखवणाऱ्याला नको म्हणून सांगून टाकलं. परतताना बसमध्ये मला म्हणाली, "बघितलंस ना कसे गारठले ते?" मीही मान डोलावली.

शेवटी तिने राहत्या घराच्याच नव्या करारावर सही केली. भाड्याची तोंडमिळवणी करायला पुढची खोली एका नर्सला दिली. दारातून थेट आत जाता यावं म्हणून प्लायवूडची भिंत घालून अरुंद बोळ काढला. काकांची खाट आणि शिलाई मशीन आतल्या खोलीत गेलं, कपाट स्वयंपाकघरात. नर्स सालस मुलगी. पण तिचे डबे यांच्या फळीवर आले आणि काकांनी एकदा चहात तिचं मीठ घातलं. नंतर एकदा कपाट समजून त्यांनी तिच्याच खोलीचं दार उघडलं. रात्रपाळी करून ती दिवसा झोपलेली होती. ती दचकून उठली. काका इतके ओशाळले की त्या दिवसापासून त्यांनी घरात फिरणंच सोडलं.

परवा दुपारी मी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. मावशी तक्ता घेऊन बसली होती.

"काका, चला, न्हाव्याकडे जाऊन येऊ," मी म्हटलं.

"नको गं. त्या बोळात खांदा घासतो."

"सवय होईल," मावशी म्हणाली. "घर राखलं हे काय कमी आहे?"

काका म्हणाले, "त्या तळमजल्याच्या घरात सवय झाली असती."

मावशीने पेन खाली ठेवलं. "तिथे तर तुम्ही पाऊल टाकलं नाहीत."

"उजेड कुठून येतो ते आधी लक्षात ठेवत होतो. मग भिंती मोजणार होतो. तोवर तू नको म्हणून मोकळी झालीस."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुला हे घर सोडवत नाहीये."

मावशीने फळीवरचा कराराचा कागद काढला आणि नुसताच हातात धरला. त्यात काय आहे ते तिला न वाचता ठाऊक होतं.

"तीन वर्षांचा आहे हो," ती म्हणाली. "मधे सोडता येत नाही."

काकांनी मान हलवली. भिंत कुठे आहे ते हाताने चाचपलं आणि स्टूल तिच्याकडे थोडं सरकवून ते टेकून बसले.