दाजींचं ढिलं स्टेअरिंग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, गाडी चालवता येत नाही. हे त्यांच्या तोंडावर आजवर कुणी बोललेलं नाही, कारण त्यांच्याकडे गाडी आहे आणि तीही फोर बाय फोर, चारही चाकांनी ओढणारी. चाकणजवळ त्यांचं गाव. जमीन एमआयडीसीत गेली, घराला मजले चढले, आणि ज्या गावातून आता कंटेनरसुद्धा धक्का न बसता जातात त्या गावात राहून दाजींना डोंगर चढायची हौस आली. त्यांनी एक जुनी गाडी घेतली. तिला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले, टपावर दिव्यांची रांग बसवली आणि अशाच गाड्या असलेल्या लोकांच्या ग्रुपमध्ये सामील झाले.

हा ग्रुप दर रविवारी बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जायचा. सगळ्यांच्या टोप्या सारख्या. पुढची गाडी हाकेच्या अंतरावर असली तरी तिच्याशी वॉकीटॉकीवर बोलायचं. परत आल्यावर गाडीवरचा चिखल धुवायचा नाही, हा तर अलिखित नियमच. चिखल वाळून खडखडीत झाला की दाजी गाडी मुद्दाम चावडीसमोर लावायचे.

ताईचा खांदा आखडला होता. त्यासाठी तिला आठवड्यातून दोनदा आमच्या संत तुकाराम नगरात फिजिओथेरपीच्या उपचाराला यावं लागे. दाजी तिला सोडत. एकदा ती उपचाराला न जाता थेट माझ्या घरी आली. चहा पुढे ठेवला तर तो तिने बाजूला सारला.

"नाशिक फाट्यावर शेजारून पत्र्याची गुंडाळी घेऊन ट्रेलर चालला होता," ती म्हणाली. "आपली गाडी हळूहळू त्याच्याकडे सरकायला लागली. हे चाक फिरवताहेत, फिरवताहेत, गाडी वळतच नाही. आणि वळली ती एकदम. गाडी त्यांचं ऐकत नाही रे."

दाजी मागोमाग वर आले. त्यांनी चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली.

"बायामाणसाला भ्या वाटतं," ते म्हणाले. "जड गाडी हाय, पाव्हणं. फोर बाय फोरचं स्टेअरिंग असंच असतंय. वाटंशी बोलत जातंय."

मी जन्मभर कंपनीत गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टेअरिंग तपासण्याचं काम केलं. वाटेशी बोलणारं स्टेअरिंग मला तिथे कधी भेटलं नाही. मी खाली गेलो. खिडकीतून हात घालून चाक हलवलं. चाक चांगलं वीतभर फिरलं, तेव्हा कुठे टायर जागा झाला.

"ग्रुपमधल्या एक्सपर्टनं परवाच टाइट केलंय," दाजी म्हणाले.

"काय टाइट केलंय?"

"बॉक्सवरचा स्क्रू. आता डँपर मागवलाय. तो बसला की विषयच संपला."

डँपर म्हणजे चाकाची थरथर दाबणारा दांडा. ढिलेपणा त्याने जात नाही, नुसता कळेनासा होतो. आणि तो स्क्रू स्टेअरिंग बॉक्सच्या आतली झीज भरून काढण्यासाठी असतो. ढिलेपणा कुठून येतोय हे न बघता तो आवळणं म्हणजे दात दुखतोय म्हणून कान पिळणं. पण ज्याला बघायचं असेल त्याला गाडीखाली झोपावं लागतं, आणि त्या ग्रुपमध्ये गाडीखाली झोपणारा माणूसच नव्हता. सगळे बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून उभे राहणारे.

"गाडी इथेच ठेवा," मी म्हणालो.

"छ्या! रविवारी ट्रेल हाय."

ताईला मी माझ्या गाडीतून घरी सोडलं. दाजी मागून आपले डुलत आले.

रविवारी सकाळी मी पाने-पकडी घेऊन त्यांच्या गावी गेलो. अंगणात ग्रुप जमला होता, पोहे चालले होते. मी म्हणालो, कुणीतरी आत बसून चाक हलवा, मी खालून बघतो. त्यावर टायरमधल्या हवेची चर्चा सुरू झाली. दाजींनी फोन कानाला लावला. शेवटी ताईच पदर खोचून बाहेर आली आणि ड्रायव्हरच्या जागी चढून बसली.

टायरांना विटा लावल्या. मी खाली सरकलो.

"इंजिन चालू कर," मी ओरडलो. "बऱ्या हाताने चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. फिरवायचं नाही, नुसतं हलवायचं."

ती हलवत राहिली आणि मी एकेका सांध्यावर तळवा ठेवत गेलो. स्टेअरिंग बॉक्सपासून टायरपर्यंत दांड्यांची साखळी असते. सांधा झिजला असेल तर एक दांडा हलतो, पुढचा क्षणभर थांबतो, आणि ती टिचकी हाताला लागते. एक सांधा तसा लागला. पण तेवढ्याने वीतभर ढिलेपणा येत नाही. मग मी बॉक्सकडे वळलो. तिथे ग्रुपच्या अभिमानाचा चिखल सिमेंटसारखा बसला होता. तो खरवडून काढला तर अख्खा बॉक्सच चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, मागेपुढे हलताना दिसला. एक बोल्ट ढिला होता. दुसऱ्याचं डोकं उडालेलं. आणि त्या बोल्टच्या भोकापासून चॅसीच्या पत्र्याला बोटभर तडा गेला होता. ताई चाक वळवायची तेव्हा आधी बॉक्स वळायचा आणि उरलं तर टायर.

मी दाजींना खाली यायला सांगितलं.

"दिसतंय की हितनं," ते पोह्यांची बशी हातात धरून म्हणाले.

एक्सपर्टने मात्र वाकून मोबाइलचा उजेड टाकला. "केसाएवढी क्रॅक आहे. डँपर बसवला की लोड कमी होईल."

"डँपर कशाला? उदबत्ती लावा," मी म्हणालो.

दाजी हसले. "उद्या बघू की. आज एवढं जाऊन येतो."

तेव्हा ताईने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली. ती खाली उतरली नाही.

"तुम्ही दोघं एकमेकांना हसा," ती म्हणाली, आणि हे मलाही होतं. "ट्रेलरच्या बाजूला मी बसते. ही गाडी आज हलणार नाही."

मग कुणीतरी "भाऊ, आम्ही पुढं होतो" म्हणालं आणि बाकीच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. दाजी टोपी घालून ओट्यावर बसून राहिले. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलून कासारवाडीच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथे तडा वेल्डिंगने भरला, वर पट्टी मारली, बोल्ट नवे घातले, झिजलेला सांधा बदलला. स्क्रू मात्र मी स्वतः हाती घेतला. एक्सपर्टने तो इतका आवळला होता की वळणानंतर चाक आपणहून सरळ यायचंच बंद झालं होतं. मी बॉक्सला जोडलेला दांडा सोडवला, स्क्रू धरून ठेवणारा लॉकनट सैल केला, स्क्रू मागे घेतला. चाक बरोबर मध्यावर आणलं आणि मग स्क्रू थोडाथोडा पुढे, ढिलेपणा नुसता संपेपर्यंत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहिलं. लॉकनट आवळला, दांडा जोडला.

दाजी गाडी घेऊन रस्त्यावर आले. मी शेजारी बसलो. सवयीप्रमाणे ते चाक सतत इकडेतिकडे हलवत होते, आणि गाडी आता ऐकायला लागलेली. त्यामुळे ती मोकळ्या रस्त्यावर नागमोडी पळायला लागली. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. दाजींच्या कपाळाला घाम.

"हात स्थिर ठेवा," मी म्हणालो.

"लई तिखट झालंय हे," ते म्हणाले. "पाव्हणं, जरा ढिली करून द्या की. पहिल्यासारखी."

मी पुढच्या कोपऱ्यावर उतरलो आणि चालत स्टेशनकडे गेलो. त्या माणसाला मरणाच्या दारातून बाहेर काढलं, तर तो दार पुन्हा किलकिलं करून मागत होता.

दाजींनी ती गाडी दिवाळीच्या आधी विकली. चालवायला मजा राहिली नाही, असं सगळ्यांना सांगितलं. त्यांनी आणखी उंच गाडी घेतली आहे. बघायला या म्हणून त्यांचे फोन येतात, माझी पाठ धरली आहे असं मी सांगतो. ताई आता चाकणहून बसने येते. खिडकीजवळची जागा मिळाली तर वाटेत झोपसुद्धा लागते, म्हणते. तिचा हात डोक्याच्या वरपर्यंत जायला लागला आहे.