आप्पांचा बिनआवाजी पाठ

वाग्देवी शारदेला वंदन करून, आज सर्वपित्री अमावास्येस नात्यात नसलेल्या एका माणसाला तिलांजली दिल्यावर हे लिहीत आहे.

दौंडच्या रेल्वे वसाहतीत ते भाच्याकडे राहत. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. तरुणपणी मूकपटांत घसरून, आपटून त्यांनी लोकांना हसवले होते. पुढे चित्रपट बोलू लागले, त्यांची गावाकडची बोली तिथे कुणाला चालेना, आणि ते परतले.

मी तेव्हा नुकताच पाठशाळेतून आलो होतो आणि मंदिरात सायंकाळी स्तोत्र सांगत असे. आप्पा पुढे बसून मोठ्याने म्हणत. त्यांच्या तोंडी 'ण'चा 'न' होई, 'श'चा 'स'. एकदा सर्वांदेखत मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही आपलं मनातल्या मनात म्हणा. उच्चार बिघडतात."

"व्हय गुरुजी," ते म्हणाले. "नुसतं त्वांड हलवायचं काम मला नवं न्हाई. त्याच्यावरच पोट भरलं हाय."

सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर अखेरपर्यंत ते रोज आले आणि ओठ अचूक हलवीत राहिले, पण आवाज कधी काढला नाही. मी समोरच बसलेला असे. 'म्हणा आप्पा' एवढेच म्हणायचे होते. विद्येच्या ताठ्यात तेही माझ्याने झाले नाही, आणि ते गेले.

वाचकहो, आपले व आपल्या कुटुंबाचे कल्याण असो. आपल्या घरात ज्याला जसे येईल तसे देवाचे नाव मोठ्याने घेता येवो.