मध्यंतरातला सत्कार

त्या वर्षी हैदराबादेत, आमच्या चिक्कडपल्लीत गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि आमच्या घरात स्वयंपाकघरात बसून जेवणं बंद झालं. ताटं घेऊन सगळे टीव्हीपुढे. आई भात आणायला उठली की परत आल्यावर मधे काय झालं ते विचारत बसायची आणि कुणीच उत्तर द्यायचं नाही. मी तेव्हा कोठी भागातल्या एका शाळेत शिकवत होते, पंचविशीची होते आणि मला सतत कुणाचा ना कुणाचा राग येत असायचा. सगळ्यात जास्त राग होता हिंदी मालिकेतल्या एका देखण्या मराठी नटाचा. माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्यांवर तोच, शेजारच्या तेलुगू काकूंच्या फ्रिजवर तोच. खरं सांगायचं तर त्या मालिकेचा एकही भाग मी चुकवत नव्हते. फक्त दाराच्या चौकटीला टेकून उभ्याने बघायचे, म्हणजे मी बघत नाही असं म्हणता यावं.

हाच नट मराठी नाटकातही काम करत होता आणि ते नाटक हैदराबादला आणायचं आमच्या मराठी मंडळाने ठरवलं. तिकिटं दोन दिवसांत संपली. एरवी नाटकाचं नाव काढलं की ज्यांचं डोकं दुखायचं ती माणसं अंबरपेठहून स्कूटर मारत पास मागायला येऊ लागली. मी नाट्यसमितीत होते आणि नाकाने कांदे सोलत सगळ्यांना सांगत होते की मला त्या नटाशी काही देणंघेणं नाही, मला बाई बघायच्या आहेत.

बाई म्हणजे त्या नाटकातली आई, चाळीस वर्षं रंगभूमीवर उभी असलेली अभिनेत्री. पहिल्या अंकाच्या शेवटी मुलगा, म्हणजे तो नट, नदीवर जातो आणि बुडतो. दुसऱ्या अंकात आई त्याचा सदरा मांडीवर घेऊन एकटी बसते आणि तुटलेलं बटण शिवते. सात मिनिटं, एक शब्द नाही. माझा मामा मुंबईला जाऊन ते बघून आला होता आणि त्याबद्दल सांगता सांगता मधेच गप्प झाला होता. मामा गप्प होणं ही आमच्या घरातली मोठी घटना होती. तेव्हापासून मला ती सात मिनिटं बघायची होती.

मंडळाची जुनी पद्धत अशी की बाहेरगावचे कलाकार सभासदांच्या घरी उतरायचे. नट अर्थातच अध्यक्षांकडे गेला, कारण त्यांच्याकडे एसी होता. बाई आमच्याकडे आल्या. आमचं घर तीन पिढ्या इथलं, वकिलीतलं. बोलता बोलता दखनी 'हौ' आणि 'नक्को' आपसूक येणारं. बाईंसमोर मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून बोलत होते आणि त्यामुळे जरा तोतरीच वाटत असणार. बाईंनी मात्र आल्या आल्या आईकडून अंबाडीची भाजी मागून घेतली आणि पाय पसरून बसल्या.

प्रयोग रविवारी दुपारी चारचा होता. सकाळी एका इंग्रजी दैनिकाची वार्ताहर बाईंची मुलाखत घ्यायला आली. तिने सहा प्रश्न विचारले आणि सहाही त्या नटाबद्दल. तो सेटवर कसा वागतो, त्याला काय आवडतं, त्याचं लग्न ठरलंय हे खरं का. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या आणि मी मागे उभी राहून दात आवळत होते. ती गेल्यावर मी तिला नावं ठेवायला सुरुवात केली. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"ते राहू दे. माझं एक काम कर," त्या म्हणाल्या. "मध्यंतरात माझा मुलगा कुणाला दिसता कामा नये. दिसला की तो मेला नाही. मग मी सदरा घेऊन बसायचं कशाला?"

त्या नटाला त्या नेहमी 'माझा मुलगा' म्हणत. एरवी दौऱ्यावर त्यांचा व्यवस्थापक मध्यंतरात त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप लावायचा. या वेळी तो आजारी पडून मुंबईलाच राहिला होता. ते काम मी घेतलं. शब्द दिला. दुपारी रंगपटात गेले तर नटाने स्वतःच बॅगेतून कुलूप काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला की मी मेल्यावर मला अजिबात बाहेर सोडू नका. माणूस साधा होता, टीव्हीवर दिसतो त्याहून बुटका. त्याने माझं नाव विचारलं आणि मी ते दोनदा सांगितलं. याचाही मला राग आला.

तिसरी घंटा झाली. त्याचा प्रवेश आला आणि बाल्कनीतून शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्याकडे सिनेमाला हीरो पडद्यावर आला की कागदाचे कपटे उधळतात. लोकांनी ते घरून फाडून आणले होते, मराठी लोकांनी, धोतर-उपरण्यातल्या माणसांनीसुद्धा. रंगमंचावर पांढरा सडा पडला. बाईंचं वाक्य तोंडात अडकलेलं. त्या थांबल्या, मुलाजवळ गेल्या, त्याच्या केसातला एक कपटा आईच्या हाताने काढला आणि मग वाक्य म्हणाल्या. शिट्ट्या विरल्या. विंगेत उभ्या असलेल्या मला वाटलं की आता ही बाई काहीही सांभाळून नेईल. ते वाटणं मला नंतर फार महागात पडलं.

पहिला अंक संपला, पडदा पडला, मी धावत जाऊन नटाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून दारासमोर येरझारा घालायला लागले. दोन मिनिटांत अध्यक्ष आले. त्यांच्यामागे रंगीत टीव्हीचं नवं दुकान काढलेले, कार्यक्रमाला मदत केलेले गृहस्थ, त्यांची पत्नी, हातात शाल, नारळ, आणि एका दैनिकाचा फोटोग्राफर. आमच्या मंडळात सत्कार मध्यंतरातच होत. नाटक संपलं की लोक बसच्या मागे धावतात, मागे उरतात फक्त खुर्च्या. हे मला माहीत होतं. गेली चार वर्षं मीच सत्काराची शाल इस्त्री करून आणत होते. आणि तरीही सकाळपासून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, किंवा मी येऊ दिलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. बाईंनी सांगितलंय असं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले की बाईंचाही करू की, आधी याचा करू. मी म्हटलं तसं नाही, तो मेलाय. टीव्हीवाल्यांच्या पत्नी हसल्या. फोटोग्राफर घड्याळ बघत होता.

"मॅडम, सहा के अंदर प्रेस पोहोचना है मेरेकू," तो म्हणाला. "हीरो नक्को बोले तो कल के पेपर में तुम्हारा मंडल भी नहीं आता."

मी तरीही किल्ली सोडली नव्हती. बाहेर लोक त्याच्या नावाचा गजर करत होते. मग अध्यक्ष, माझ्या वडिलांचे मित्र, मला लहानपणापासून ओळखणारे, जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुष्पगुच्छ तूच दे, बेटा."

बस, एवढंच. कुणी किल्ली हिसकावली नाही, कुणी ओरडलं नाही. कुलूप मीच काढलं. आत नट खुर्चीत बसून समोसा खात होता. अध्यक्षांनी हात जोडून त्याला बाहेर बोलावलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाईंना विचारलंत ना?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

पडद्यापुढे तो आला आणि सभागृह उठून उभं राहिलं. शाल झाली, नारळ झाला. मी गुच्छ पुढे केला, फ्लॅश उडाला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मला आनंद झाला. तो आनंद मी आजही नाकारत नाही.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, माणसं त्याच्या खोलीबाहेर सही घ्यायला उभी होती. मी विंगेत परत आले. बाई सदरा घेऊन बसल्या. सुईत दोरा ओवला. सभागृह शांत होऊ लागलं आणि तेवढ्यात आमच्याच गल्लीतले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले गृहस्थ नटाची सही घेऊन खुर्चीवर परतता परतता मोठ्याने म्हणाले, "मावशी, कायकू परेशान होता? मुलगा आत समोसा खाऊ लागलाय."

लोक हसले. वाईट बुद्धीने नाही, घरातलं कुणीतरी विनोद केल्यावर हसावं तसे. बाईंचा हात थांबला. त्यांनी मान वळवून विंगेत बघितलं. त्या कुणाला शोधत होत्या ते मला कळलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी सुई सदऱ्याला टोचून ठेवली, सदऱ्याची घडी घातली आणि पुढचं वाक्य म्हटलं. मी घड्याळ बघत होते. एक मिनिटही झालं नव्हतं.

नाटक वेळेआधी संपलं. टाळ्या भरपूर पडल्या. घरी बाईंनी आमटीचं कौतुक केलं, आईकडून गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्याच, लोणच्याची कृती लिहून घेतली. माझ्याशी एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी पाणी दे, टॉवेल दे करत घरभर फिरत होते. वडील म्हणाले, पायाला भिंगरी लागल्यासारखी काय करतेस, बस जरा एका जागी. मला बसवत नव्हतं.

सकाळी पेपर आला. मी तो गादीखाली सरकवला. चहा पिताना बाईंनी पेपर मागितला, आणि आईने जाऊन तो शोधून आणला. तिसऱ्या पानावर फोटो होता: शाल पांघरलेला तो, आणि गुच्छ पुढे करून तोंडभर हसणारी मी. बाईंचं नाव बातमीत नव्हतं.

"बाई, माझं चुकलं," मी म्हटलं. याच्यापुढे बरंच ठरवून ठेवलं होतं, पण ततपप झालं. शेवटी कसंबसं म्हणाले की तुमची ती जागा बघायला मी किती दिवस थांबले होते.

"मग पाहिली नाहीस ना," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी आईची कात्री मागितली. चष्मा लावून तो फोटो चौकोनी, नीट कापून काढला. मग मधून, गुच्छाच्या कडेने, आणखी एकदा कात्री चालवली. नटाचा अर्धा भाग त्यांनी घडी न घालता पर्समध्ये ठेवला.

"हा मध्यंतरात दिसायला नको होता," त्या म्हणाल्या आणि उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. "हा तुझा. जपून ठेव."

दारात टॅक्सी आली. आईने त्यांची ओटी भरली, मी बॅग उचलून दिली. पुढे तीन वर्षांनी त्यांनी काम थांबवलं, असं मामाकडून कळलं. मला त्या काळात मुंबईला जाणं जमलं नव्हतं.

तो तुकडा माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडलाय. त्यात मी गुच्छ घेतलेला हात लांब करून तोंडभर हसते आहे, आणि समोर कुणीच नाही.