वंशाचा रकाना

खेळताना कोणी दुसऱ्याच्या वंशावर शंका घेतली, की टेकाम मास्तर फासे खिशात घालून सरळ घरी जात. मुलांनी कितीही विनवण्या केल्या तरी त्या रविवारी पुन्हा खेळ नाही. कळंबजवळच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. इतका तापट माणूस मी पाहिला नाही, आणि मुलांना इतका वेळ देणाराही नाही.

हा खेळ त्यांनी नागपूरच्या वसतिगृहातून आणला होता, मित्राच्या पुस्तकाची झेरॉक्स काढून. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन तिच्यात शिरायचं. पात्र बनवताना पहिला रकाना वंशाचा. मास्तरांनी नावं मराठीत आणली होती: यक्ष, बुटका, माणूस. यक्षाचे कान तिखट, बुटक्याला अंधारात दिसतं अन् लोहारकाम त्याच्या घरचंच, माणसाला जन्मतः काही मिळत नाही पण तो काहीही लवकर शिकतो. ज्याला जो आवडेल तो वंश त्याने घ्यावा. मीही खेळायला बसत असे.

एकदा सातवीतल्या वैशालीने बुटकी घेतली आणि तिला लोहारकाम येत नाही असं लिहिलं. माझा मास्तरकीचा स्वभाव, तोंड गप्प बसेना. "बुटकी, आणि भाता माहीत नाही? मग ही कसली बुटकी?"

मास्तर माझ्यावरच उखडले. "काहून? तिले लहानपणी यक्षाच्या घरी ठेवलं असंन तर? जन्म एकीकडचा अन् वाढ दुसरीकडची, असं होत नाही का? तुम्ही परीक्षा घेणाऱ्या कोण, मॅडम?" फासे खिशात गेले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते.

मास्तर मुकुटबनकडचे, कोलाम जमातीचे. वडील शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे घरात जमात लिहिलेला जुना कागद नाही. राखीव जागेवरची नोकरी, तेव्हा जमातीचा दाखला समितीकडून तपासून आणा, असं पत्र एक दिवस आलं. कापसाने सगळ्या तालुक्याचं कंबरडं मोडलं होतं ती वर्षं. आई आणि दोन भावांची घरं मास्तरांच्या पगारावर चालत. कागद नसेल त्याला समिती चालीरीती विचारते, आणि त्यावरून माणूस खरा की बनावट ते ठरवते.

मी वाचनालयातून आदिवासींच्या रीतींवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि म्हटलं, पाठ करा.

"माह्याच लोकायच्या रीती मी पुस्तकातून पाठ करू? कायले?"

"नोकरी टिकवायची आहे ना?"

त्यांनी पुस्तक उचललं. मधल्या सुट्टीत मी त्यांची उजळणी घ्यायचे. जन्म, लग्न, मरण, सगळं घडाघडा. माझी छाती फुगली होती.

समितीवरच्या तिघा साहेबांनी मयताचे विधी विचारले. मास्तरांनी पुस्तकातलं पानच म्हणून दाखवलं. तिघांतल्या एका साहेबाने तेच पुस्तक वाचलेलं होतं. मास्तर मग कोलामीत बोलू लागले, तर ती तिघांपैकी एकालाही येत नव्हती. शेरा पडला: माहिती पुस्तकी आहे, जमातीशी नातं दिसत नाही. मास्तरांची नोकरी गेली. ज्यांना कोलामीचा एक शब्द कळत नाही त्यांनी कोलाम कोण ते ठरवलं! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ते गाव सोडून निघाले तेव्हा मी एसटी स्टँडवर गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. मी विचारलं, "पुस्तक दिलं नसतं तर काय सांगितलं असतं?"

"बाप मेला तवा मी होस्टेलात होतो. निरोप भेटून घरी पोचलो तवा सारं उरकलं होतं. मले काईच पाहाले भेटलं नाही. तेच सांगणार होतो, मॅडम."

गाडी लागली, ते चढले.

नोकरी समितीने घेतली. हे उत्तर मात्र त्यांच्या तोंडचं मी काढून घेतलं होतं.